कथलाचे गोट आणि 'ऑक्सिडाइज्ड' साज

दागिना हा मराठी समीक्षेने कधी आपला विषय मानला नाही. खरे तर आपल्या काव्यशास्त्रातले एक सबंध प्रकरण दागिन्याकडूनच उसने घेतलेले आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शब्दार्थांच्या अलंकारांना हारादी दागिन्यांची उपमा दिली आणि तेव्हापासून उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही सगळी मंडळी अलंकार म्हणून वर्गावर्गांतून शिकवली जात आहेत. मीही दरवर्षी शिकवते. शिकवताना एक गोष्ट खटकते. या उपमेत देह आधीच गृहीत धरलेला आहे. तो देह सुंदर आहे, मोकळा आहे, त्याच्या गळ्यात हार घालायला कोणाची हरकत नाही. ज्या देहावर हार घालण्याचीच बंदी होती त्या देहाचे काय, हा प्रश्न काव्यशास्त्राला पडला नाही. पुढे दलित साहित्याने शब्दांचे अलंकार नाकारले तेव्हा 'ओबडधोबड', 'अनलंकृत' असे शेरे पांढरपेशा समीक्षेने मारले. त्याला उत्तरे दिली गेली, तीही साहित्याच्या परिभाषेत. खऱ्या, धातूच्या दागिन्याचा प्रश्न मात्र राहून गेला.

आज तो भलत्याच दाराने आत आला आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या उघडा. दागिना म्हणजे तुमचे व्यक्तिमत्त्व, दागिना तुमची गोष्ट सांगतो, दागिना घेताना तो कोठून आला, कोणी घडवला हे विचारा, असे उपदेश तेथे नित्य सापडतात. व्यक्तिमत्त्व आणि नैतिकता हे दोन शब्द या लेखनाचे आधार आहेत. या शब्दांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ते चांगले शब्द आहेत. माझी तक्रार एवढीच की हे लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्दांचा महाराष्ट्रातला इतिहास माहीत नाही, आणि तो माहीत नसल्यामुळे त्यांच्या हातात जे उरते ते सजावटीपुरते उरते.

कोल्हापूरच्या वायव्येला, पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेला तेथे सासनकाठ्या नाचतात, गुलालाने अवघा डोंगर रंगतो, दवण्याचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत येतो. (जोतीराव फुल्यांचे नाव याच देवावरून ठेवले गेले असे चरित्रकार सांगतात आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'त फुल्यांनी जोतिबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी ठरवून ब्राह्मणी पुराणाच्या हातून सोडवून घेतले. आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांनी १९५६ नंतर डोंगर चढणे सोडले. काही घरांतल्या बाया अजून जातात आणि त्यावर आमच्यात वादही होतात. तो वाद येथे नको.) देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने आहेत. गुलाल, खोबरे, बांगड्या, काळे दोरे, तांब्याच्या अंगठ्या, सोन्याचे पाणी दिलेला कोल्हापुरी साज. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका मालाची भर पडली आहे: काळपट धातूचे 'ऑक्सिडाइज्ड' दागिने. जाड गोट, गळ्याभोवती थरावर थर बसणाऱ्या सरी, मनगटापासून वर चढत जाणारी कडी. शे-दोनशे रुपयांत मिळतात. माझ्या वर्गातल्या मुली ते हौसेने घेतात आणि खादीच्या कुडत्यावर घालून स्नेहसंमेलनाला येतात. पुरवण्या या दागिन्यांना 'मातीतले', 'आदिम', 'बंडखोर' म्हणतात.

जाड गोट, काळा धातू, गळाभर सर. हा थाट आपल्या बायकांच्या अंगावर नवा नाही. तो कोणी चढवला आणि कोणी उतरवला, एवढेच पाहायचे आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम सांगितले आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, आणि त्यांचे अलंकार काळ्या लोखंडाचे असावेत. स्मृतिकाराने अस्पृश्याला अलंकार नाकारलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याने अलंकार नेमून दिला आहे. नेमून दिलेला अलंकार बंदीपेक्षा भयंकर असतो. बंदी निदान बंदी म्हणून ओळखता येते. नेमलेला दागिना मात्र पिढ्या उलटल्या की घालणाऱ्यालाच आपली 'रीत' वाटू लागतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात पेशवाईतल्या अस्पृश्यावरच्या खुणा नोंदवल्या आहेत. कमरेचा झाडू आणि गळ्यातले मडके यांचा उल्लेख आपल्या भाषणांतून शेकडो वेळा झाला. तिसऱ्या खुणेकडे फारसे कोणी पाहिले नाही: मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा, कोणी चुकून शिवू नये म्हणून. दोरा गळ्यात असेल तर तो दिसायला दागिनाच. त्याच निबंधात इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर १९२८ साली सवर्णांनी लादलेले नियम आहेत. पुरुषांनी जरीकाठी पागोटे घालू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. तमिळ प्रदेशात रामनाडच्या कल्लारांनी १९३० साली आदिद्रविडांवर जे निर्बंध घातले त्यांतही सोन्याचांदीच्या दागिन्यांची बंदी आहे. इंदूर कोठे, रामनाड कोठे! भाषा निराळ्या, देव निराळे. पण अस्पृश्य बाईच्या गळ्याकडे पाहण्याची नजर एकच.

हे सगळे जुने झाले असे कोणाला वाटत असेल तर २०१८ सालची गुजरातची घटना पाहावी. तेरा वर्षांचा एक दलित मुलगा पायांत मोजडी आणि गळ्यात साखळी घालून फिरला म्हणून त्याला जात विचारून मारहाण झाली. व्यक्तिमत्त्व खुलवा, असे त्या मुलाला कोणत्या पुरवणीने सांगावे?

आता महाडकडे येऊ. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. आपल्याकडे दहनाचा दिवस साजरा होतो, स्त्रियांपुढच्या भाषणातून मुलींच्या शिक्षणाचा भाग सांगितला जातो, आणि लुगड्या-दागिन्यांचा भाग 'किरकोळ सुधारणा' म्हणून मागे टाकला जातो. माझ्या मते तो किरकोळ नाही. दागिन्यावरची मराठीतली पहिली खरी समीक्षा तेथे झाली आहे.

त्यांनी काय सांगितले? गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोट ही तुम्ही अस्पृश्य असल्याची खूण आहे, ती टाका. गळसरी घालायचीच तर एक पुरे. जास्त घातल्याने नवऱ्याचे आयुष्य वाढत नाही. दागिन्यांपेक्षा कपड्यांनी शोभा येते, पैसा तेथे घाला. दागिना घालायचा तर सोन्याचा, नाहीतर मुळीच नको. लुगडे नेसण्याची पद्धतही बदला. परिषदेला आलेल्या बायकांनी हे ऐकून घरी जाऊन विचार करू असे म्हटले नाही. त्यांनी तिथल्या तिथे लुगडी वेगळ्या पद्धतीने नेसली, आणि टिपणीस कुटुंबातल्या स्त्रियांनी त्यांना मदत केली अशी नोंद आहे.

लोखंडाचा अलंकार नेमणारा ग्रंथ आधी जळला आणि दोन दिवसांत त्या अलंकाराचा वारसदार असलेला कथलाचा गोट हातातून उतरला. हे दोन प्रसंग एकमेकांपासून तोडून वाचता येत नाहीत. पहिला कागदावर घडला, दुसरा देहावर. दुसऱ्यासाठी लागणारे धैर्य मला जास्त वाटते. जाळून झाल्यावर माणसे घरी गेली. या बाया तशाच उघड्या मनगटांनी आपापल्या गावांत परत गेल्या, जेथे पाणवठ्यावर, पाटलाच्या दारात त्यांच्याकडे पाहणारे डोळे बदललेले नव्हते.

असे महाराष्ट्रातच घडले असेही नाही. केरळात पुलय स्त्रियांना गळ्यात दगडांच्या आणि काचमण्यांच्या माळांखेरीज काही घालू देत नसत. अय्यनकाळींच्या सांगण्यावरून १९१५ साली त्या माळा टाकून देण्याची चळवळ सुरू झाली. कोल्लमजवळ पेरिनाडला त्यावरून दंगली झाल्या, वस्त्या जाळल्या गेल्या, आणि अखेर कोल्लमच्या सभेत बायकांनी माळा तोडून ढीग घातला. महाडच्या आधी बारा वर्षे. पेरिनाडची बातमी महाडपर्यंत आली होती की नाही हा संशोधकांचा विषय. मला महत्त्वाचे वाटते ते हे की दोन्हीकडे मुक्तीची सुरुवात काहीतरी उतरवण्यापासून झाली.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बाबासाहेबांचा हा उपदेश म्हणजे वरच्या जातींचे अनुकरण. त्यांच्यासारखे नेसा, त्यांच्यासारखे सोने घाला. हा आक्षेप घेणारे भाषणाचे अर्धे वाक्य वाचतात. 'सोन्याचा, नाहीतर नको' यातले 'नको' त्यांना ऐकू येत नाही. अनुकरण करणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नसते. ज्या बाईकडे सोने घेण्याची ऐपत नव्हती, आणि परिषदेतल्या बहुतेकींकडे ती नव्हती, तिला त्यांनी रिकाम्या हातांनी सन्मानाने वावरण्याची मुभा दिली. रिकामा हात हा त्या काळच्या हिंदू समाजात विधवेचा हात. तो आपला म्हणून मिरवायला सांगणे याला अनुकरण कसे म्हणायचे?

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. गरीब बाईचा दागिना ही तिची एकमेव बँक असते. शेत नवऱ्याचे, घर सासऱ्याचे, मजुरी चुलीत जाते. हातातला गोट तेवढा तिचा. तो उतरव म्हणणारे व्यासपीठावरचे पुरुष होते. उतरलेल्या चांदीचे पुढे काय झाले, ते पैसे कोणाच्या हातात पडले, याचा हिशेब चळवळीच्या इतिहासात नाही. माझ्या आईचे डोरले दोनदा सावकाराकडे गेले. पदवीच्या वर्षी वसतिगृहाचे पैसे भरायचे होते आणि शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर यायची. पहिल्यांदा ते सुटून आले, दुसऱ्यांदा व्याजात बुडाले. त्यानंतर आईने काळ्या मण्यांची नुसती दोरी घातली आणि कोणी विचारले तर "सोनं टोचतंय गं गळ्याला" म्हणून सांगितले. तिच्या गळ्याने तिचे व्यक्तिमत्त्व व्यक्त केले की नाही, हे पुरवणीवाल्यांनी ठरवावे. मी मात्र त्या दोन तोळ्यांवर शिकले.

गोंदण आठवते ते येथे. कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवे ठिपके. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या म्हणत, मेल्यावर सोबत येणारा दागिना हाच. गहाण पडत नाही, चोरीला जात नाही, त्यावर सवर्णांची बंदीही चालत नाही. आज तेही शहरांतल्या दुकानांत हजारो रुपयांना मिळते. असो.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. महार बाईने लुगड्याचे काठ निऱ्यांतून दिसू द्यायचे नाहीत हा गावाचा दंडक त्यांनी सांगितला आहे. आणि पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात आपल्याच घरातली माणसे लाकडी खोडा अडकवत, हेही त्यांनी लपवलेले नाही. काठ लपवणारे सवर्ण आणि खोडा अडकवणारे आपले. पैंजणाच्या जागी खोडा! दलित स्त्रीच्या देहावर दोन मालकांच्या खुणा होत्या. पहिल्या मालकाविषयी आपण विपुल लिहिले. दुसऱ्याविषयी लिहिण्याचे काम बायकांवर सोपवून आपण मोकळे झालो.

याच कोल्हापूर-गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात आणखी एक दागिना आहे, ज्याचे नाव फॅशनच्या कोणत्याही लेखात येणार नाही: यल्लम्माला सोडलेल्या मुलीच्या गळ्यात बांधली जाणारी लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. मुली कोणाच्या? बहुतांशी आपल्याच. माळ बांधली की मुलगी देवाची, म्हणजे गावाची. शाहू महाराजांनी १९२० साली संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला. बाबासाहेबांनी १६ जून १९३६ ला मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या-जोगतिणींच्या सभेत हे जिणे सोडून द्या म्हणून सांगितले. मुंबई प्रांताचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा नवा कायदा या शतकातला. इतके कायदे का करावे लागले? मणी दोन पैशांचे असतात आणि तोडायला बोटांची ताकद पुरते. बांधणारा समाज मात्र तोडू देत नाही. एखाद्या दागिन्याची किंमत तो अंगावरून काढण्याची किंमत किती, यावरून ठरवावी, असे माझे मत होत चालले आहे. या हिशेबाने त्या माळेइतका महाग दागिना कोल्हापूरच्या गुजरीतल्या एकाही दुकानात नाही.

आता नैतिकतेकडे. सोने कोठून आले ते विचारा, म्हणतात. विचारूच या. २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. तो शिक्का सोने किती कसाचे ते सांगतो. ते खणणाऱ्या माणसाबद्दल तो मुका आहे. देशातली सर्वांत मोठी सोन्याची खाण कोलारला होती. जॉन टेलरच्या इंग्रज कंपनीने १८८० पासून ती चालवली, स्वातंत्र्यानंतर ती सरकारकडे आली, २००१ साली बंद झाली. जमिनीखाली तीन किलोमीटरहून खोल उतरणारे मजूर बहुतांशी उत्तर अर्काटकडून आलेले तमिळ दलित होते. ज्यांच्या बायकांना रामनाडमध्ये सोने घालायची बंदी, त्यांचे जातभाई कोलारात सोने खणत होते. दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे गेली. खाण बंद झाल्यावर वस्तीशेजारी सायनाइड मिसळलेल्या मातीच्या टेकड्या तेवढ्या उरल्या.

इतक्या दूर जायचेही कारण नाही. जोतिबाच्या डोंगरावरून खाली उतरून हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला जा. पैंजण, साखळ्या, घुंगरू यांसाठी देशभर नाव असलेले गाव. व्यापारी चांदी तोलून देतो, घडवलेला माल तोलून घेतो, घट कापतो आणि उरलेली मजुरी हातावर ठेवतो. कडीत कडी अडकवायचे, घुंगरू लावायचे काम घराघरांत बसून बाया करतात. झाळकामाचा धूर त्याच खोलीत, पोरे त्याच खोलीत. पैंजणाचा नाद गाण्यांतून सर्वांनी ऐकला आहे. तो घडवणाऱ्या बाईच्या पाठीला कोणत्या वयात बाक येतो, हे कोणी विचारले? आणि गुजरीच्या गटारीतला गाळ उपसून, धुऊन, त्यातून सोन्याचा कण शोधणारी माणसे? त्यांना नीतीचे पाठ देण्याची गरज नाही. सोने म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला कळत नसेल.

कोल्हापुरी साजाची एकवीस पाने असतात. दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची, आणि एक मधले. प्रत्येक पानाला नाव आहे, अर्थ आहे, जपलेली परंपरा आहे. कथलाच्या गोटाच्या कोणत्या कंगोऱ्याला काय म्हणत, तो कोण ओतून देई, त्याचे वजन किती, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. एक संस्कृती आपल्या दागिन्यांची कुंडली मांडते आणि दुसरीच्या दागिन्यांचे नावही पुसले जाते. आणि आज नाव पुसलेला तोच आकार, काळपट करून, 'बंडखोर' म्हणून दुकानात टांगला जातो. २०२५ साली कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे एका इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर मिरवली तेव्हा चर्मकारांचे नाव घेतले नाही म्हणून महाराष्ट्रभर संताप झाला. रास्त संताप होता. चपलेच्या बाबतीत निदान कोणाचे नाव घ्यायचे ते माहीत होते.

मग काय, मुलींनी ते काळे गोट घालू नयेत? मी माझ्या विद्यार्थिनींना घालू नका असे कधी सांगितले नाही. हातात गोट घातला म्हणून जिला पाणवठ्यावरून हाकलले जाणार नाही, तिने तो हौसेने घालावा. ज्या दिवशी आपलीही मुलगी तो केवळ आवडला म्हणून घालू शकेल, तो दिवस मला हवाच आहे. पण तिने त्याला बंड म्हणू नये. ते बंड १९२७ साली तो काढून झालेले आहे.

आपल्यातल्या नव्या मध्यमवर्गाचेही थोडे बोलले पाहिजे. पांढरी साडी, बुद्धवंदना, वधूवरांची प्रतिज्ञा हे सगळे यथासांग होते, आणि मंडपामागे सोन्याची यादी वाचली जाते. सोन्याचा भाव २०२५ साली दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला, तरी यादी लहान झाली नाही. 'दागिना घालायचा तर सोन्याचा' एवढेच आपण महाडहून उचलले. मुलीचा बाप पतपेढीच्या दारात उभा राहतो आणि जावई नोकरीला आहे म्हणून सगळे गप्प बसतात. कित्येकींच्या गळ्यात मंगळसूत्र राहते, कारण ते नसले की कार्यालयात, बसमध्ये, नव्या शेजारात प्रश्न येतात. मला स्टाफरूममध्ये विचारले गेले आहे, "मॅडम, तुमच्यात घालत नाहीत का?" 'तुमच्यात' या शब्दात सगळे आले. गळा भरलेला असो की रिकामा, त्यावरून जात वाचायची सवय अजून गेलेली नाही.

तरीही दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर पोरे निळ्या मिन्याचे अशोकचक्र, बाबासाहेबांचे चित्र असलेले लॉकेट घेतात तेव्हा मला त्यात बाजार तेवढा दिसत नाही. पितळेवर पाणी दिलेले असते, दोन पावसाळ्यांत काळे पडते. पण ते कोणी नेमून दिलेले नाही. शिर्डीत २०१५ साली मोबाइलवर भीमगीत वाजले म्हणून एका तरुणाचा खून झाला. अशा राज्यात गळ्यात ते लॉकेट उघडे ठेवून परगावच्या एस.टी.त बसणारा मुलगा काय व्यक्त करतो आहे, हे समजायला पुरवणीची गरज नाही.

आपल्या नियतकालिकांनी एक काम हाती घ्यावे. ज्यांनी कथलाचे गोट स्वतः घातले त्या बाया आता राहिल्या नाहीत. ज्यांनी ते आईच्या, सासूच्या हातात पाहिले त्या नव्वदीच्या घरात आहेत. गोट केवढे होते, कोठून यायचे, वस्तीत पहिल्यांदा कोणी काढले, काढल्यावर सोनाराने काय भाव दिला, घरातल्या पुरुषांनी ते पैसे कशाला लावले, हे विचारून लिहून घेतले पाहिजे. माझी आजी तिच्या सासूचे सांगायची. गावात कोणी तरी मुंबईहून आले, सभा झाली आणि सासूने तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसून, हाताला तेल चोळून गोट काढले. मनगटाची कातडी तेवढी पांढरी निघाली होती. आजी म्हणायची, "हात हलकं झालं म्हणायची म्हातारी. पर भाकरी थापताना वाजायचं न्हाई त्ये, म्हणून लई दिस चुकल्यावानी व्हायचं तिला."